इंद्रजाल कॉमिक्सचे अंक पुठ्ठा बांधणीत बांधून घ्यावेत का?

तुमच्याकडे वेताळ-मँड्रेकचे साठेक सुटे अंक आहेत असं म्हणता. आधी ठरवा, वाचायला ठेवायचेत की कधीतरी विकायचेत? इंद्रजाल 1964 ते 1990 एवढंच चाललं, त्यामुळे संग्राहक सुटा, न कापलेला अंक मागतात. बांधलात की ती किंमत गेलीच समजा. दुर्मीळ अंक बाजूला काढा, बाकीचे खुशाल बांधा.

बाइंडरला पहिलं वाक्य हे सांगा: ‘जुजबंदी करा, बाजूने टोचून शिवू नका.’ हे अंक मधे घडी घालून पिना मारलेले असतात, म्हणजे घडीतूनच दोरा घेऊन शिवता येतं, तीच जुजबंदी. बाजूने टोचलं की आतला समास गिळला जातो आणि निम्मे संवाद शिवणीत अडकतात. गंजलेल्या पिना आधी काढायला लावा. डाग त्यांचेच पडतात. घडीवर फाटलेलं असेल तर जपानी टिश्यूची (पातळ पण चिवट कागदाची) पट्टी खळीने लावावी, सेलोटेप अजिबात नको.

दुसरं म्हणजे कटिंग. सवयीने तिन्ही बाजू कापून सरळ करतात, त्यात वरचे संवादांचे फुगे उडतात. माझ्या एका खंडात वेताळाची कवटीची अंगठीच अर्धी गेलीय! कापू नका, असं कागदावर लिहून द्या.

मुखपृष्ठं आत राहू द्या. एका खंडात 12 ते 15 अंक पुरे, जास्त घातले तर पुस्तक नीट उघडत नाही. खळीत मोरचूद घालणारा जुना बाइंडर भेटला तर सोडू नका, कसर लागत नाही. रेक्झिनपेक्षा कापडी पाठ मला आवडते.