आय-सेव्हनचा लॅपटॉप सोडून आय-थ्रीचा डेस्कटॉप घेणं म्हणजे मागे जाणं आहे का?

तुमच्याकडे २०१७ साली घेतलेला आय७-७५००यूचा लॅपटॉप आहे. दुकानदार आय३-१२१००चा डेस्कटॉप सुचवतोय आणि घरचे म्हणतायत, "सेव्हन सोडून थ्री कशाला?" काम म्हणजे रोजची टॅली आणि एक्सेल, सुट्टीच्या दिवशी यूट्यूबसाठी व्हिडिओ एडिटिंग. दुकानदार बरोबर सांगतोय. निदान या बाबतीत तरी त्याचं ऐका.

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावातले थ्री, फाइव्ह, सेव्हन हे त्या त्या पिढीपुरते हुद्दे आहेत. पिढी कळते ती पुढच्या आकड्यावरून: ७५००मधला ७ म्हणजे सातवी पिढी, १२१००मधला १२ म्हणजे बारावी. सातवीत पहिला आलेला मुलगा आणि बारावीत जेमतेम पास झालेला मुलगा यांना एकच गणित घालून बघा, म्हणजे घरच्यांनाही पटेल.

पण खरी मेख शेवटच्या 'यू' अक्षरात आहे. यू म्हणजे कमी वीज खाणारी, पातळ लॅपटॉपसाठी बनवलेली चिप. तिला ठरवून दिलेली वीज १५ वॅट, आणि त्यातच आतलं ग्राफिक्सही भागवायचं. आय३-१२१००ला ६० वॅट आहेत, आणि जोर लावायची वेळ आली की ती ८९ वॅटपर्यंत जाते. डोक्यावर मोठा पंखा असल्यामुळे तेवढी उष्णता बाहेरही टाकता येते.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करा आणि एखादा दहा मिनिटांचा व्हिडिओ एक्सपोर्टला लावा. खाली कोअर, म्हणजे चिपमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, २ आणि लॉजिकल प्रोसेसर ४ दिसतील. नाव आय-सेव्हन, पण कोअर दोनच! त्या काळात यू चिपमध्ये एवढंच मिळायचं. इंटेलने तिथे चार कोअर दिले ते पुढच्या, आठव्या पिढीत. आता वेगाचा आकडा बघत राहा. सुरुवातीला ३.५ गिगाहर्ट्झच्या जवळ असेल, मग पंखा घोंघावू लागेल आणि आकडा हळूहळू घसरेल. पंख्यात धूळ साचली असेल आणि चिपची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळली असेल तर २.७च्या मूळ वेगाच्याही खाली जातो. माझ्याकडे साफसफाईला येणाऱ्या इतक्या जुन्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा हेच असतं.

१२१००मध्ये चार कोअर, आठ थ्रेड (म्हणजे लॉजिकल प्रोसेसर) आहेत आणि वेग ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. पण निव्वळ गिगाहर्ट्झ बघून फसू नका. तुमच्या चिपमधल्या कोअरची रचना मुळात २०१५ची, स्कायलेक नावाच्या पिढीची. ती एका वेळी २२४ सूचना हाताशी धरून त्यातली जी तयार असेल ती आधी उरकते; १२१००चा कोअर ५१२ धरतो. एल-थ्री कॅश, म्हणजे चिपमधलीच वेगवान मेमरी, हीही ४ एमबीची १२ एमबी झाली. त्यामुळे त्याच गिगाहर्ट्झमध्येही नवा कोअर जास्त काम काढतो. पासमार्क या वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चाचणीत एका कोअरचा फरक दीडपटीहून जास्त दिसतो आणि सगळे कोअर मिळून साडेतीन पटींच्या आसपास. एडिटिंगला हे थेट जाणवेल.

टॅलीला मात्र नाही. टॅली आणि साधं एक्सेल तुमचा लॅपटॉप अजूनही आरामात ओढेल. तो चालू व्हायलाच पाच मिनिटं घेत असेल तर दोष प्रोसेसरचा नाही, आत हार्ड डिस्क आहे का ते बघा. असेल तर आधी तिच्या जागी एसएसडी, म्हणजे तिच्याहून खूप वेगवान डिस्क, टाका. एडिटिंग नसतं तर मी तुम्हाला एवढंच करायला सांगितलं असतं आणि डेस्कटॉपचे पैसे वाचवले असते. एक अडचण तरीही राहते: विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत ७५००यू नाही.

डेस्कटॉप घेताना १२१०० आणि १२१००एफ यांत गल्लत होऊ देऊ नका. एफमध्ये ग्राफिक्स नसतं. वेगळं कार्ड लावलं नाही तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. एफ थोडा स्वस्त पडतो म्हणून कोटेशनमध्ये हळूच येतो. रॅम १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ८-८च्या दोन घ्या, आतल्या ग्राफिक्सला त्याचा चांगला फायदा होतो. आणि यूपीएसचा खर्च आताच धरा. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून आपण लाइट गेल्याची पर्वा करत नाही. डेस्कटॉपवर अर्धवट एक्सपोर्ट झालेला व्हिडिओ मात्र जागीच जातो.

बाजारात फिरताना "आय-सेव्हन डेस्कटॉप, एकदम स्वस्त" अशी पाटी दिसेल. पिढी विचारा. बऱ्याचदा आत २०११चा आय७-२६०० निघतो, कुठल्या तरी ऑफिसातून भंगारात निघालेला. टॅलीपुरता वाईट नाही, पण नव्या मशीनच्या भावात तो घेऊ नका. आणि घ्याल त्याच्या बिलावर नुसतं 'आय-थ्री कॉम्प्युटर' नको, पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या.