बी.कॉम. झालंय, वय 22, घर ग्वाल्हेरात. सरकारी नोकरीसाठी पुण्याला मावशीकडे राहून एमपीएससी करावी की इथेच तयारी करावी? आणि क्लास लावावा का?

यंदा तरी पुण्याला जाऊ नका. राहायची सोय आहे म्हणून परीक्षा ठरवणं मला पटत नाही.

मीही ग्वाल्हेरचाच, लष्कर भागातला. स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएलमधून, म्हणजे केंद्र सरकारच्या पदवीधरांसाठीच्या परीक्षेतून, एजी ऑफिसला (महालेखापालांच्या कार्यालयात) ऑडिटमध्ये लागलो. तेव्हा माझं माप त्या बाजूला थोडं झुकतं असणार, हे धरूनच वाचा.

अभ्यासक्रम नंतर बघा, आधी वयाची अट बघा. खुल्या प्रवर्गाला सीजीएलमधलं ऑडिटर-अकाउंटंटचं पद 27 पर्यंत, बँकेतली क्लार्कची नोकरी 28 पर्यंत, पीओ (बँकेतला अधिकारी) 30 पर्यंत, यूपीएससी 32 पर्यंत. मध्य प्रदेशच्या राज्यसेवेला मात्र, वर्दीची पदं सोडली तर, इथल्या रहिवाशांना 40 पर्यंत मुभा आहे. एमपीएससीलाही 38 चालतं. म्हणजे जी आधी हातची जाणार ती आधी द्यायची. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. सव्विशीपर्यंत डेप्युटी कलेक्टरचा अभ्यास चालतो आणि मग घाईघाईने बँकेचे फॉर्म भरले जातात. त्यात मध्य प्रदेशच्या राज्यसेवेचा वेग बघा: 2019 च्या परीक्षेचा अंतिम निकाल डिसेंबर 2023 मध्ये लागला. आरक्षणाचा वाद कोर्टात अडकला होता, त्यात उमेदवारांचा काय दोष! पण वय कोणासाठी थांबत नाही.

एमपीएससीचं म्हणाल तर 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, नऊ पेपरांची. उत्तरं मराठीत किंवा इंग्रजीत लिहायची, हिंदी चालत नाही. आपण घरी मराठी बोलतो हो, पण शाळा-कॉलेज हिंदीत झालेल्या माणसाला तीन तास मराठीत प्रशासनावर लिहायला बसवा, मग कळतं. शिवाय महाराष्ट्राचं डोमिसाईल नसेल तर तिथलं आरक्षण विसरा. मावशीकडे जायचंच असेल तर बँकेच्या क्लार्कची परीक्षा महाराष्ट्रातून भरा. ती राज्यवार असते, फॉर्म एकाच राज्यातून भरता येतो आणि तिथली भाषा लिहिता-वाचता यावी लागते. तिथे घरच्या मराठीला थोडा हात फिरवला की भागतं.

आता माझ्या कामाबद्दल, कारण ‘ऑडिटमध्ये नक्की करतात काय’ हे बी.कॉम. झालेल्यांनाही ठाऊक नसतं. 1956 साली नवं राज्य झालं तेव्हा राजधानी भोपाळला, हायकोर्ट जबलपूरला आणि पीएससी इंदूरला गेली. आपल्या वाट्याला एजी ऑफिस आणि रेव्हेन्यू बोर्ड आलं. (एजी पुलावरून रोज जाणाऱ्यांनाही पलीकडे काय चालतं ते माहीत नसतं!) वर्षातले बरेच दिवस ऑडिट पार्टीबरोबर दौऱ्यावर जातात. एखाद्या जिल्हा कार्यालयात बसायचं, कॅशबुक मागवायचं, व्हाउचर लावून बघायचे. जीपचं लॉगबुक हा माझा आवडता कागद. लॉगबुकात गाडी तीन दिवस रोज सव्वाशे किलोमीटर पळालेली असते आणि गॅरेजच्या बिलावरून त्याच तारखांना तिचं इंजिन उतरवलेलं असतं! मग हाफ मार्जिन काढायचा: कागदाच्या एका अर्ध्यात आपला प्रश्न, दुसरा अर्धा त्यांच्या उत्तराला कोरा. समाधानकारक उत्तर नाही आलं तर त्याचा पॅरा होतो, म्हणजे तो आक्षेप ऑडिटच्या अहवालात जातो. कॉलेजात ज्या व्हाउचिंगच्या धड्याला आपण जांभया दिल्या, तेच हे.

ऑडिटर लेव्हल 5 वर (पगाराच्या पाचव्या पायरीवर) लागतो, सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन 29,200. पुढे खात्यातली एसएएस ही बढतीची परीक्षा पास झालात तर असिस्टंट ऑडिट ऑफिसर होता येतं. त्या पदाला लेव्हल 8 असते, सुरुवात 47,600 वर होते. ही परीक्षा सोपी नाही, नोकरी सांभाळून करावी लागते. पण बाहेरच्या लाखभर मुलांशी शर्यत नसते, हे महत्त्वाचं.

एक गोष्ट कोचिंगवाले सांगत नाहीत. पहिलं पोस्टिंग ग्वाल्हेरच मिळेल असं नाही, दुसऱ्या राज्यातही जावं लागतं. तिथून स्वतःहून बदली मागून परत आलात तर सीनिऑरिटी पुन्हा तळापासून. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

क्लासचं विचारलंत. सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात एका तासात शंभर प्रश्न, चूक झाली की अर्धा गुण जातो, आणि मुलाखत 2016 पासून नाहीच. गणित कच्चं असेल तर लक्ष्मीबाई कॉलनीत एखादा क्लास लावा. इंग्रजीसाठी पैसे घालवू नका, रोज एक पेपर घड्याळ लावून सोडवा. आणि ओबीसीत मोडत असाल तर दाखला केंद्राच्या नमुन्यातला, नॉन-क्रीमी लेयरचा, आत्ताच काढून ठेवा. राज्याच्या नमुन्यातला तिथे चालत नाही, आणि ऐनवेळी तहसीलमध्ये खेटे घालत बसावं लागतं.