लिस्बनमध्ये हुमण होतं का?

सांखळीच्या ताई, तुम्ही विचारलंत ते एवढंच: लिस्बनला यायचं ठरतंय, मुलगा पाचवीत आहे, घरचं जेवण करता येईल का आणि बॅगेत काय भरू? अर्ज, फी, नियम सरकारी पानांवर वाचा. मी स्वयंपाकघरातलं सांगते.

हुमण, म्हणजे आपली माशांची आमटी, करता येतं. बांगड्याच्या जागी इथे काव्हाला मिळतो. चव तंतोतंत नाही, पण तिरफळं घातली की जीभ फसते. तारले मिळतात, उन्हाळ्यात उत्तम. कोथिंबिरीची काळजीच नको, पोर्तुगीजांच्या स्वयंपाकातही ती असते. बटाटा मागितला की बटाटाच देतात, शब्द त्यांचाच. मार्तीम मोनीझ चौकाच्या बाजूला भारतीय-बांगलादेशी दुकानं आहेत, तिथे नारळाची गोठवलेली सोय, म्हणजे खवलेला नारळ, मिळतो. तोच घ्या. अख्खा नारळ मी तीनदा फोडला, तिन्हीदा खवट.

बॅगेत सोलं (आमसुलं), तिरफळं, हरमलची मिरची. तूप-पेढे नकोत, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणू देत नाहीत. कढीपत्ता आणि पातोळ्यांसाठी हळदीची पानं आणाल, तर त्यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. अख्ख्या नारळाला मात्र लागत नाही. गंमत म्हणजे सुकं खोबरं आपल्याकडच्या विमानतळावरच काढून घेतात. त्यात तेल असतं, पेट घेईल म्हणून. माझं अर्धा किलो तिथेच राहिलं. आदोळी (विळी) आणू नका. मी आणली, ती पलंगाखाली आहे.

कागदांचं सांगणार नव्हते, पण राहवत नाही. बाबा 1954 चे, म्हणजे गोवा मुक्त झाला त्या 19 डिसेंबर 1961 च्या आधीचे, म्हणून आम्हाला पोर्तुगीज नागरिकत्वाचा रस्ता खुला. त्यांच्या पोर्तुगीज जन्मनोंदीत आडनावाचं स्पेलिंग एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. एका कचेरीत सांगितलं, प्रतिज्ञापत्र करा. केलं. दुसऱ्या खिडकीवर म्हणाले, हे नको, कोर्टातून आणा. चौदा महिने गेले. आणि ती नोंद कुणी करून ठेवली होती? आजोबांनी. 18 जून 1946 ला पोर्तुगीज राजवटीविरुद्धच्या राममनोहर लोहियांच्या सभेला मडगावात गेलेले, पाठीवर पोलिसांची लाठी खाऊन आलेले आजोबा. आमच्या घरात आजी पाव स्वयंपाकघरात येऊ देत नसे. पावाने बाटतात, हे तिच्या मनातून कधी गेलंच नाही. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला की आम्ही ओसरीवरच बसून चहात बुडवून खायचो आणि हात धुऊन आत जायचो. आता आजोबांनी केलेल्या त्या नोंदीच्या जोरावर मी इथे रोज सकाळी पाव आणायला जाते.

शेजारी. पहिल्या पावसाळ्यात (इथला पाऊस हिवाळ्यात, तेही अंगवळणी पडायला वेळ लागतो) मी सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर केली. वरच्या मजल्यावरची बाई खाली आली. वासाची तक्रार, अगदी गोड शब्दांत. हीच बाई जूनमध्ये सांतु आंतोनियोच्या फेस्ताला माझ्या खिडकीखाली शेगडी मांडून सार्डिनी, म्हणजे तारलेच, भाजते. मी तिला काही बोलले नाही. किसमूर मात्र त्यानंतर दोनदाच केली, खिडक्या लावून, नवरा घरी नसताना.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. चालतं.

शाळेचं विचारलंत म्हणून. आमच्या मुलाला भाषा येत नाही म्हणून एक इयत्ता मागे बसवलं. गणितात तो वर्गाच्या पुढे होता, हे मी खाणाखुणांनी समजावत होते आणि बाई हसून मान डोलवत होत्या. आज तो माझ्यापेक्षा फाडफाड पोर्तुगीज बोलतो, तरी ती मान मला अजून दिसते. तुम्ही जुने निकाल भाषांतर करून, शिक्के मारून आणा, आणि वर्ग ठरवायच्या आधीच टेबलावर ठेवा. मी घरी विसरले होते. खरं म्हणजे विसरले नव्हते. मागतील तेव्हा देऊ म्हटलं.

शाळेच्या कँटीनमध्ये आधी सूप देतात. 2017 पासून सरकारी शाळांत शाकाहारी जेवणाची सोयही कायद्याने आहे, तुमच्या सोमवारांची अडचण नाही. त्या सूपची मुलाला इतकी सवय झाली की घरीही तेच मागतो. मग आठवड्याचे चार दिवस मी सूपच करते. सोपं पडतं, हेही खरं. हुमण रविवारी, आणि तेही तो पावाबरोबर खातो, भाताला हात लावत नाही.

आई डिचोलीहून दर रविवारी व्हिडिओ कॉल करते. पहिला प्रश्न ठरलेला, ‘शीत जेवला मगो?’, म्हणजे भात जेवला ना? मी मूठभर उकडे तांदूळ शिजवून ताट त्याच्यासमोर ठेवते आणि फोन तसा धरते की ताट दिसेल. फोन बंद झाला की तो पाव घेतो, तो भात मी रात्री पेजेत घालते.

तांदूळ किती आणू, असंही विचारलं होतंत. मी आणलेले पाच किलो दोन वर्षं झाली, अजून आहेत. तुमच्या मुलाला भात आवडत असेल तर जास्त आणा.