हाड घट्ट होतं, मग कातडी का होत नाही?

तुमचा प्रश्न असा: बडोद्यात बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करताय, हाड आणि कूर्चा (नाक-कानात असते ती लवचीक ऊती) यांत खनिज कसं बसतं यावर पीएच.डी. करायची इच्छा आहे, पण घरचे आणि सर दोघंही म्हणतात, कॅन्सर घे, हाडांत आता शोधायला काय उरलंय. आयुष्य घालवावं इतकं यात काही आहे का?

आहे. मी दांडिया बाजारात वाढले, एम.एस्सी. सयाजीराव विद्यापीठातूनच केली आणि गेली सव्वीस वर्षं याच विषयात आहे.

बाबा गेले तेव्हा खासवाडीच्या स्मशानात अस्थी गोळा करायला भावाबरोबर मीही गेले होते. एक पांढरा तुकडा उचलला आणि बोटांत त्याचा खडूसारखा भुगा झाला. तेव्हा मी हाडांवर काम करत होते, तरी हाड म्हणजे काय हे मला त्या सकाळी कळलं. हाडाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिज असतो, म्हणजे कॅल्शियम-फॉस्फेटचे अतिसूक्ष्म स्फटिक. उरलेल्यात मुख्यतः कोलॅजेनचे धागे. आगीत कोलॅजेन जळून जातं, राहतं ते नुसतं खनिज. म्हणून ते ठिसूळ. उलट कोंबडीचं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवलंत तर खनिज विरघळतं आणि हाड रबरासारखं वाकतं. आम्ही अस्थी चांदोदला नर्मदेत सोडल्या, पण तो भुगा अजून माझ्या बोटांना आठवतो.

आता खरा प्रश्न. आपल्या रक्तात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की स्फटिक बसायला अडचण नसावी. हाडात जे टाइप १ कोलॅजेन तेच कातडीत. मग कातडी दगड का होत नाही? नाकाची कूर्चा जन्मभर लवचीक राहते, आणि वाढत्या मुलाच्या मांडीच्या टोकाची कूर्चा मात्र खनिज धरते, हे कसं? शरीर हाड घट्ट कसं करतं हे अर्धंच कोडं आहे. बाकी सगळ्याला ते घट्ट होण्यापासून कसं वाचवतं, हे उरलेलं अर्धं, आणि मला तेच जास्त ओढतं.

रॉबर्ट रॉबिसन यांनी १९२३ मध्ये दाखवलं की वाढत्या हाडात आणि कूर्चेत फॉस्फेट मोकळं करणारं एक एन्झाइम असतं. तेच आजचं अल्कलाइन फॉस्फटेज, जे आपण रक्ताच्या रिपोर्टात बघतो. पुढे १९६० च्या दशकात हर्बर्ट फ्लाइश यांनी दुसरी बाजू उघडली: शरीरात पायरोफॉस्फेट नावाचा साधा रेणू असतो आणि तो स्फटिक बसू देत नाही. आपल्या बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर जो क्षार धरतो ना, तसा क्षार पाइपात बसू नये म्हणून याच जातीची फॉस्फेटं पाण्यात घालतात. म्हणजे पायरोफॉस्फेट हा ब्रेक, आणि रॉबिसनचं एन्झाइम तो तोडून ब्रेक सोडवणारं. हे एन्झाइम जन्मतः बिघडलेलं असेल तर ब्रेक सुटतच नाही, बाळाची हाडं मऊ राहतात. त्या आजारावरचं औषध २०१५ मध्ये मंजूर झालं: तेच एन्झाइम, फक्त हाडाला जाऊन चिकटावं म्हणून त्याला अ‍ॅस्पार्टिक आम्लाचं शेपूट जोडलेलं. १९२३ ते २०१५. तुमच्या घरच्यांना हे दोन आकडे सांगा.

आणि हा एकच ब्रेक नाही. मॅट्रिक्स ग्ला प्रोटीन हे शरीरातलं असंच खनिज रोखणारं एक प्रथिन; १९९७ मध्ये ते नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांच्या धमन्या खनिजाने भरल्या आणि ते दोनेक महिन्यांत मेले. किडनीच्या पेशंटच्या धमन्या कडक होतात, त्यामागे असेच ब्रेक निकामी होणं हेही एक कारण आहे. हे वाचूनही कुणी म्हणत असेल की शोधायला काही उरलं नाही, तर मला ते पटत नाही.

एक सावधगिरी मात्र मनापासून सांगते. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी पेशी वाढवून त्यांवर अ‍ॅलिझरिन रेड टाकलं, म्हणजे कॅल्शियम असेल तिथे लाल दिसणारा रंग (आपल्या मंजिष्ठेच्या कुळातल्या वनस्पतीतून पूर्वी हा रंग काढत, १७३६ मध्ये बेल्चियर या इंग्रज सर्जनने लिहून ठेवलंय की ती वनस्पती खाल्लेल्या जनावरांची हाडं लाल होतात). माझी प्लेट लालभडक झाली. चार महिने मी तो निकाल धरून बसले. मग एका सीनियर ताईंनी मायक्रोस्कोप माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "लाल कुठेय, धाग्यांवर की मेलेल्या पेशींवर?" मेलेल्या पेशींवर होतं. मी माध्यमात ग्लिसरोफॉस्फेट जास्त घातलं होतं, एन्झाइमने त्यातलं फॉस्फेट सोडलं आणि कॅल्शियम नुसतं खाली बसलं. तो साका होता, हाड नव्हतं. चार महिने गेले, रडलेही. या विषयातले कितीतरी घोळ इथेच होतात: रंग दिसला की खनिज झालं असं धरायचं, आणि ते कोलॅजेनच्या आत आहे की बाहेर हे बघायचंच नाही.

म्हणून लॅब निवडताना पेपर किती छापलेत ते नंतर बघा. आधी विचारा, खनिज न काढता हाडाचे काप घेणारं तिथे कुणी आहे का. आम्लात किंवा ईडीटीए या कॅल्शियम ओढून घेणाऱ्या रसायनात हाड मऊ करून काप घेणं सोपं असतं, पण मग जे बघायचं तेच धुऊन गेलेलं असतं.

आणि अर्ज भरण्याआधी एक करा. घरी चालत नसेल तर मैत्रिणीकडे करा. खाटकाकडून कोवळ्या बकऱ्याच्या पायाचं हाड गुडघ्याच्या बाजूने उभं कापून घ्या. टोकाजवळ लालसर हाडाच्या मधून जाणारी बारीक, निळसर पांढरी रेषा दिसेल. ती कूर्चा. मायक्रोस्कोपखाली तिच्यात पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. चळतीच्या एका टोकाला त्या फुगतात, तिथेच खनिज बसायला लागतं आणि तिथून पुढे हाड सुरू होतं. त्या रेषेवरून नख फिरवून बघा, मऊ कुठे संपतं ते.