शूगेझ, पोस्ट-रॉक आणि सोलापूरचा उन्हाळा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

शूगेझ (गिटारच्या दाट, धुरकट आवाजात गाणं बुडवणारं रॉक) आणि पोस्ट-रॉक (बहुधा शब्दांविना, हळूहळू चढत जाणारं लांबलचक रॉक) यांतले आवडते बँड कळवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. याद्या आल्याच, पण त्यांच्यासोबत प्रश्न जास्त आले. त्यांतले निवडक इथे घेतले आहेत.

प्रश्न : 'लव्हलेस'ची एवढी तारीफ ऐकून तो अल्बम लावला, तर बाईचे शब्दच कळेनात. सगळं धुरकट. इयरफोन बदलू का? की दुसऱ्या एखाद्या बँडपासून सुरुवात करू? (जुळे सोलापूर)

इयरफोन राहू द्या. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा हा १९९१चा अल्बम मुद्दामच तसा बांधलेला आहे. बिलिंडा बुचर आणि केव्हिन शील्ड्स यांचे आवाज गिटारच्या पातळीवर, कधी तिच्याही खाली ठेवलेत. आपल्याकडे गाणं म्हटलं की गायक पुढे आणि वाद्यं मागे, ही कानाची सवय. ती इथे मोडावी लागते. शब्द शोधू नका, आवाजाची चाल धरा. शिवाय बऱ्याचशा गाण्यांत ड्रम सॅम्पलवरून रचलेले आहेत, त्यामुळे ड्रमचा ठोकाही छातीवर येत नाही. पहिल्यांदा ऐकणारा तिथेच गोंधळतो.

म्हणून सुरुवात 'लव्हलेस'पासून करूच नये, असं आमचं मत. आधी राइडचा 'नोव्हेअर' (१९९०) ऐका. ऑक्सफर्डच्या या पोरांची गिटार तितकीच दाट आहे, पण खाली ड्रम जिवंत आणि चाल सरळ. मग स्लोडाइव्हचा 'सूव्हलाकी' (१९९३). त्यात नील हॅलस्टेड आणि रेचल गॉसवेल यांचे आवाज ऐकू येतात आणि गाण्यांना श्वास घ्यायला जागा आहे. कान तयार झाले की मग 'लव्हलेस'. मागे जायची हौस असेल तर कॉक्टो ट्विन्सचा 'हेवन ऑर लास व्हेगस' (१९९०) आणि जीझस अँड मेरी चेनचा 'सायकोकँडी' (१९८५) ऐका. हे दोन्ही शूगेझच्या घरचे वडीलधारे.

फोनमधला बेस बूस्ट मात्र बंद करा. या संगीतात गिटारचा खालचा-मधला भाग, साधारण २०० ते ४०० हर्ट्झ, आधीच गच्च भरलेला असतो. त्यावर बेस वाढवला की चिखल होतो. आणि एक इयरफोन आपल्या कानात, दुसरा मित्राच्या कानात, असं ऐकू नका. डावी-उजवी बाजू वेगवेगळी भरलेली असते, अर्धं गाणं मित्राकडेच राहतं.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये वाद आहे. मी म्हणतो एक्स्प्लोजन्स इन द स्काय, मित्र म्हणतो गॉडस्पीड. पोस्ट-रॉकमध्ये भारी कोण? (सात रस्ता)

वाद मिटवायचा असेल तर गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर. माँट्रियलच्या या बँडचा २०००चा दुहेरी अल्बम म्हणजे सुमारे वीस-वीस मिनिटांच्या चार रचना. व्हायोलिन, चेलो, दोन ड्रमर, मध्येच रेकॉर्ड केलेलं कुणाचं तरी बोलणं. एक्स्प्लोजन्स इन द स्काय (ऑस्टिन, टेक्सास) सुरेल आहेत, २००३च्या अल्बमवर तर फारच. पण त्यांचं गाणं कुठे चढणार हे तिसऱ्या गाण्यापासून कळायला लागतं. गॉडस्पीडचं कळत नाही.

तुम्हा दोघांच्याही यादीत टॉक टॉक नाही, हे मात्र खटकलं. १९८८चा 'स्पिरिट ऑफ ईडन' आणि १९९१चा 'लाफिंग स्टॉक' ऐकल्याशिवाय या वादात पडू नये. अमेरिकेतल्या लुइव्हिलच्या स्लिंटचा 'स्पायडरलँड'ही १९९१चाच. कुजबुज, मग अचानक स्फोट, हा साचा पुढे ग्लासगोच्या मॉगवायनं उचलला. टोकियोच्या मोनोनं २००९च्या अल्बमवर अख्खा वाद्यवृंद घेतला. आइसलँडच्या सिगुर रोसमध्ये योन्सी गिटारवर चेलोचा गज फिरवतो. आणि परदेशीच कशाला, आपल्याकडच्या अ‍ॅजवीकीपसर्चिंगचा 'ख्वाब' (२०१५) ऐका, हिंदी शब्द या साच्यात किती सहज बसतात ते कळेल.

प्रश्न : सर, केव्हिन शील्ड्सची ती जॅझमास्टर गिटार परवडत नाही. माझ्याकडे स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) गिटारची साधी कॉपी आहे. केव्हिन शील्ड्ससारखा डुलणारा आवाज काढायला गेलो की दोन मिनिटांत गिटार बेसूर होते. (विजापूर रोड)

स्ट्रॅटवर जमतं. गिटारपेक्षा तिचं सेटिंग आणि तुमचा उजवा हात महत्त्वाचा.

शील्ड्स ट्रेमोलोचा दांडा (ब्रिजला लावलेला, सूर खाली-वर करणारा) हातातच धरून कॉर्ड वाजवतो. स्ट्रोक मारायचा आणि त्याच हाताने दांडा किंचित खाली-वर न्यायचा. किंचित म्हणजे किती? ट्यूनर लावून बघा. अर्ध्या सुराच्याही अर्धा, म्हणजे ५० सेंटच्या आतच राहा. नवशिके पूर्ण सूर खाली नेतात आणि मग गाणं समुद्रात बोट लागल्यासारखं होतं.

आता बेसूर होण्याचं. मागचं झाकण काढा. बहुतेक स्वस्त गिटारींत पाच स्प्रिंग घट्ट ताणलेल्या असतात आणि ब्रिज (तारा खाली जिथे बसतात तो भाग) बॉडीला चिकटलेला असतो. तीनच स्प्रिंग ठेवा. तारा १० नंबरच्या लावा आणि स्प्रिंगची पट्टी धरणारे दोन स्क्रू पाव-पाव फेरा सैल करत जा. दर फेऱ्यानंतर सहाही तारा पुन्हा सुरात आणायच्या. ब्रिजची मागची कड बॉडीपासून सुमारे ३ मिलिमीटर उचलली की थांबा. घाई करून एकदम दोन फेरे सोडलेत तर एक तार लावेपर्यंत बाकीच्या पाच सरकतील आणि संध्याकाळ त्यातच जाईल.

मग नट, म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी. तारा काढून खाचांमध्ये ४बी पेन्सिल घासा, हेडवर तारा दाबणाऱ्या छोट्या क्लिपखालीही घासा. दांडा खाली जाऊन परत येताना 'टिक्' असा आवाज आला तर तार खाचेत अडकतेय असं समजा. बहुधा ती तिसरी, म्हणजे G सुराची तार असते. खुंटीवर तारेचे दोन-तीनच वेढे हवेत, आठ-दहा वेढे असले की ते ढिले-घट्ट होत राहतात. दांडा भोकात खुळखुळत असेल तर नळाला गुंडाळतो ती टेफ्लॉन टेप त्याच्या आट्यांवर दोन वेढे द्या. आटे फिरतात त्याच दिशेने, नाहीतर घालताना टेप सुटून गोळा होते.

उरला रिव्हर्स रिव्हर्ब, म्हणजे उलटा घुमारा, जो विरत जाण्याऐवजी चढत येतो. शील्ड्सनं अलेसिस मिडिव्हर्ब २ आणि यामाहा एसपीएक्स९० वापरले. आज स्वस्त डिजिटल पेडलमध्येही (पायाने चालू-बंद करायचा इफेक्टचा डबा) 'रिव्हर्स' असतो. मिक्स शंभर टक्क्यांवर ठेवा, म्हणजे मूळ कोरडा आवाज शून्य. वेळ ३०० मिलिसेकंदांपासून सुरू करा. गिटारचा टोन अर्ध्यावर घ्या. फझ (आवाज खरखरीत करणारा पेडल) रिव्हर्बच्या नंतर लावा, आधी नको. अडचण एकच : स्ट्रोकची धार गेल्यामुळे तुम्ही ड्रमरच्या मागे पडताय असं वाटेल. वेळ कमी करा, स्ट्रोक घाईने मारू नका.

प्रश्न : माझा जर्मेनियम फझ रात्री झकास वाजतो, दुपारी आवाज तुटतो, मध्येच बसतो. शिवाय आमच्या बोळात पॉवरलूम आहेत. ते चालू असताना अ‍ॅम्प गुणगुणतो. दोन्हीचं कारण एकच आहे का? (अशोक चौक)

कारणं दोन आहेत, वेगवेगळी.

फझचं कारण म्हणजे आपला उन्हाळा. जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधून थोडी गळती कायमच चालू असते आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की ती साधारण दुप्पट होते. पत्र्याच्या खोलीत दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ट्रान्झिस्टरचा बायस (तो ज्या व्होल्टेजवर काम करतो ती पातळी) सरकतो आणि हलका वाजवलेला सूर बाहेरच येत नाही. पेडल उघडता येत असेल आणि आत बायसचा छोटा ट्रिमर असेल, तर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर मल्टिमीटर लावून ४.५ व्होल्टच्या आसपास आणा. पण दुपारी जुळवलेलं रात्री पुन्हा हलणार. कायमचा उपाय हवा असेल तर सिलिकॉन फझ, बिग मफच्या जातीचा किंवा रॅट. शूगेझला तसंही तेच जास्त मानवतात. जर्मेनियमच ठेवायचा असेल तर गाडीच्या डिकीत ठेवू नका, आणि साखळीत सगळ्यात आधी, थेट गिटारनंतर लावा. त्याच्या आधी बफर (सिग्नलला जोर देणारं सर्किट) असलेला पेडल आला की तो किरकिरा होतो, म्हणून वर सांगितलेल्या रिव्हर्बनंतरच्या जागी हा नको. जुन्या पद्धतीच्या बऱ्याच जर्मेनियम फझचा ग्राउंड पॉझिटिव्ह असतो. असा पेडल बाकीच्यांबरोबर एकाच अ‍ॅडॅप्टरवर घातला तर शॉर्ट होतो. त्याला वेगळी बॅटरी द्या.

गुणगुणीसाठी आधी गिटारचा व्हॉल्युम शून्यावर आणा. आवाज गेला तर तो पिकअपमधून (तारांखालचं चुंबकाचं वेटोळं) येतोय. सिंगल कॉइल पिकअप आजूबाजूच्या मोटारी आणि वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण पकडतोच. बसल्या जागी हळूहळू फिरा, एका दिशेला ती बरीच कमी होईल. वाजवायची जागा तीच ठरवा. व्हॉल्युम शून्य करूनही राहिली, तर पेडल एकेक करून बॅटरीवर चालवून बघा. बहुतेक वेळा एका अ‍ॅडॅप्टरला दहा शेपट्या लावून फझ आणि डिजिटल रिव्हर्ब एकत्र जोडलेले असतात, खोट तिथे असते. डिजिटल पेडलला १०० ते ३०० मिलिअँपिअर लागतात. त्याला स्वतंत्र, आयसोलेटेड आउटपुट द्या. लूमचा स्टार्टर पडताना 'टक्' ऐकू येत असेल तर वायरमनकडून अ‍ॅम्पसाठी वेगळी लाइन आणि नीट अर्थिंग घ्या.

गुणगुण जावी म्हणून अ‍ॅम्पची अर्थिंगची पिन मोडणारे महाभाग आहेत. गुणगुण जाते, पण अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला तर करंट तारांवर येतो आणि ओठ माइकला लागले की सर्किट पूर्ण होतं. हे करूच नका. नॉइज गेट (वाजवणं थांबलं की गुणगुण कापणारा पेडल) लावलात तर फझनंतर आणि डिलेच्या (प्रतिध्वनीचा पेडल) आधी. शेवटी लावलात तर रिव्हर्बची शेपूटच कापली जाईल.

प्रश्न : आमचं नऊ मिनिटांचं गाणं शेवटी चढतच नाही. सगळे जीव तोडून वाजवतो तरी सपाट. आणि लूमचा आवाज रेकॉर्ड करून गाण्यात वापरावा का? (नीलम नगर)

शेवटी जीव तोडता, पण सुरुवातीला किती राखून ठेवता? डिस्टॉर्शन आवाज दाबून सपाट करतं. ते एकदा चालू झालं की जोरात वाजवून आवाज वाढत नाही, फक्त करकर वाढते. म्हणून पहिल्या भागात गिटारचा व्हॉल्युम ३-४वर ठेवा, ड्रमरला काठ्यांऐवजी मॅलेट (मऊ गोळ्याच्या काठ्या) द्या आणि स्नेअर ड्रम पाचव्या मिनिटापर्यंत वाजवूच देऊ नका. बेसही उशिरा आणा. दोन गिटार असतील तर दोघांनी एकाच सप्तकात झपाझप पिकिंग करू नका. एक बाराव्या पट्टीच्या वर, दुसरा खालच्या तीन तारांवर. शेवटच्या टप्प्यासाठी ५-६ डेसिबलचा बूस्ट डिस्टॉर्शनच्या नंतर लावा. आधी लावला तर पुन्हा तीच करकर.

लूम जरूर वापरा. पंधरा सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा, चारने गुणा, तो तुमचा टेम्पो. ६०,००० ला टेम्पोने भागलं की डिलेची वेळ मिलिसेकंदांत मिळते. टेम्पो १२० असेल तर ५००, आणि त्याची पाऊणपट केली की ३७५, हाच तो पोस्ट-रॉकमध्ये सगळीकडे ऐकू येणारा उड्या मारणारा डिले. रेकॉर्डिंग फोनवर करणार असाल तर मागाजवळ उभे राहू नका, तिथे आवाज फुटतो. दाराबाहेर या, फोनचं आपोआप पातळी बदलणं बंद होत असेल तर करा. मालकाला विचारा आणि कानात बोळे घाला. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा : ९४ला एक तास, १००ला पंधरा मिनिटं. हाच हिशोब तालमीलाही लावा. माय ब्लडी व्हॅलेंटाइन आपल्या कार्यक्रमांत प्रेक्षकांना इअरप्लग वाटतात ते उगाच नव्हे.

प्रश्न : तालमीची खोली १० बाय १२, स्लॅबची. फोम महाग. चादरी लावल्या तर चालतील? (साखर पेठ)

सोलापुरात राहून फोम कशाला विकत घ्यायचा? जाड जॅकार्ड चादर चालते, पण भिंतीला चिकटवून नको. भिंतीपासून १० सेंटिमीटर अंतरावर दोरीवर टांगा आणि चुण्या पडू द्या. दहा फुटांच्या भिंतीला वीस फूट कापड लागेल. एवढ्या अंतरानं साधारण ८०० हर्ट्झच्या वरचा आवाज चांगला शोषला जातो, झांजांची किणकिण आणि फझची धार बसते. बेसला मात्र चादर दिसतही नाही, १०० हर्ट्झची लाट साडेतीन मीटर लांब असते. त्यासाठी अ‍ॅम्प कोपऱ्यातून बाहेर काढा आणि खुर्चीवर ठेवा. शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज चादरीनं थांबत नाही, त्याला दार-खिडक्यांच्या फटी बुजवाव्या लागतात.

प्रश्न : कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवायचंय. साउंडवाले ऑर्केस्ट्राचे, ते आमच्या गायिकेचा आवाज वर आणि गिटार खाली करून टाकतात. (होटगी रोड)

त्यांची चूक नाही, त्यांना रोज तेच सांगितलं जातं. कार्यक्रमाच्या आधी भेटा आणि 'सूव्हलाकी'मधलं एक गाणं त्यांच्याच स्पीकरवर वाजवून दाखवा. 'आवाज एवढाच हवा' हे बोलण्यापेक्षा ऐकवलेलं लवकर समजतं. साउंड चेकला सगळ्यात मोठ्या भागापासून सुरुवात करा, शांत भागापासून नको. शांत भागावर पातळी लावली की शेवटी त्यांचे हात आपसूक खाली येतात. गायिकेच्या माइकमधला इको त्यांना बंद करायला सांगा, तुमचा रिव्हर्ब आहेच. गिटारचा अ‍ॅम्प तिच्या मागे, माइककडे तोंड करून ठेवू नका, गिटार तिच्या माइकमध्ये शिरते. उघड्या मैदानावर असाल तर दहा वाजता लाउडस्पीकर बंद करावा लागतो. पंधरा मिनिटांचं गाणं शेवटी ठेवलंय ना? मग ते साडेनऊलाच सुरू करा, सत्कार लांबतात.