मुलाला नक्षी शिकायची आहे? सागाला आत्ताच हात नको

प्रश्न : मुलगा बारावी झाला. दोन वर्षांपासून गावातल्या सुताराकडे रंधा मारतो. आता म्हणतो, दारं-देवघरांवरची नक्षी शिकायची. लोक म्हणतात, सगळं मशीन करते. मग यात पोट भरंल का जी? – एक वडील, सिंदेवाही तालुका

नमस्कार भाऊ,

मशीनचं आधी सांगतो. सपाट, एकसारखी नक्षी सीएनसी राउटरनं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कोरायच्या मशीननं नेली. तिच्याशी भावात भांडू नका. पण त्याचं पातं गोल फिरतं, म्हणून आतला कोपरा गोलच राहतो. साध्या मशीनला पाकळी खालून पोखरून उचलता येत नाही. तिथं अजून पटाशीच लागते. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये साग आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतून गेला, कोरणारे मात्र तामिळनाडूचे!

सुरुवात सागानं करू नये. त्यात वाळूसारखा अंश असतो, धार लवकर जाते. मी हौसेनं एकदा सागावर कमळ कोरायला बसलो. लाकडाच्या रेषेच्या उलट पटाशी घातली आणि तिसरी पाकळी ढलपी होऊन उडाली. त्यापेक्षा शिवणीचा तुकडा द्या, मऊ असतो. कागदावर पान काढून चिकटवायचं. आधी रेघेवर पटाशी उभी ठोकायची, मगच बाजूचं लाकूड खाली उतरवायचं. लाकूड फाटायला लागलं की दिशा बदलायची. पहिले दोन महिने निम्मा वेळ दगडावर धार लावण्यातच जाईल. मुलगा कंटाळेल, कंटाळू द्या. रोज एक चित्र वहीत काढायला लावा, हे बहुतेक जण टाळतात.

आयटीआयचा सुतारकामाचा कोर्स एक वर्षाचा आहे, पण नक्षी त्यात नावापुरती. गावातल्या सुताराकडचं काम सोडायला लावू नका. पुढं स्वतःचं काम सुरू केलं की पीएम विश्वकर्मा योजना बघा : अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि पहिलं कर्ज १ लाखापर्यंत, ५ टक्के व्याजानं. घरातल्या एकालाच मिळते. आणि बिनपावतीचा साग स्वस्त मिळतो म्हणून घरात आणू नका, वनखात्याचा लफडा मागं लागतो.

गिऱ्हाईक म्हणाल, तर लेकरांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा आहेच. दोन महिने आधी नंदी कोरायला बसवा. नाही विकला गेला तर घरच्या लेकराला ओढायला होईल.