मिठाचा पुडा, एकादशीची साखर आणि वाकडं झालेलं तोंड

गेल्या महिन्यात आलेल्या प्रश्नांतले सहा आज घेते. पहिला निव्वळ स्वयंपाकघरातला वाटेल, पण पाचव्या प्रश्नातल्या अर्धांगवायूची मुळं त्यातच, वाढलेल्या बीपीत आहेत, म्हणून तो आधी.

यजमानांचं बीपी १५६/९६ आलं. गोळी सुरू झाली आणि डॉक्टर म्हणाले, ‘मीठ कमी करा.’ म्हणजे नक्की किती? मी सैंधव आणलंय. भाजीत मीठ कमी घातलं की सासरे पानात वरून घेतात. लोणचं-पापड पूर्ण बंद करायचं का? (बार्शीहून एक ताई)

‘कमी’ म्हणजे किती हे विचारलंत, बरं केलंत. जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेलं माप आहे माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात वरणातलं, कणकेतलं, चटणीतलं, फरसाणातलं असं सगळं मीठ आलं. आता फोडणी चढलेली असताना चमचे कोण मोजणार? म्हणून मी माझ्या रुग्णांना पुडा मोजायला सांगते. एक किलोचा पुडा फोडला की त्यावर पेनाने तारीख टाका. चार माणसांचं घर असेल तर दिवसाचे २० ग्रॅम धरून तो पन्नास दिवस पुरायला हवा. बाहेरचं खाणं होत असेल तर त्याहूनही जास्त. ‘आमच्याकडे सगळे अळणीच खातात’ असं ठामपणे सांगणाऱ्या एका काकूंचा पुडा सव्वीसाव्या दिवशी रिकामा झाला होता. (लोणचं घालायच्या महिन्यात हा हिशोब धरू नका.)

कात्री कुठे लावायची? भाकरीच्या पिठात आणि भातात मीठ लागतच नाही, तिथून सुरुवात करा. कणकेतलं निम्मं करा. आमटीला कोकम किंवा चिंच, कोशिंबिरीला लिंबू, भाजीवर ओलं खोबरं आणि कोथिंबीर असली की जिभेला मिठाची उणीव कमी जाणवते. तीन-चार आठवडे कळ काढा, जिभेला सवय लागते. मग जुन्या चवीची आमटी खारट लागायला लागते, हे मी अनेक घरांत पाहिलंय. लोणचं सणावारी एक फोड ठेवा. पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो आणि त्यातही सोडियमच. तळणीची मिरची मात्र यजमानांच्या पानात नकोच.

सैंधवाबद्दल स्पष्ट सांगते. तेही सोडियम क्लोराइडच, बीपीसाठी साध्या मिठाइतकंच. शिवाय बऱ्याचदा त्यात आयोडीन नसतं. बाजारात ‘लो सोडियम’ मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम घातलेलं असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

सासऱ्यांशी वाद घालू नका. पानात मीठ वाढायच्या जागी लिंबाची फोड वाढा आणि मिठाचं भांडं ओट्यावरच राहू द्या. उठून मागायचा कंटाळा आपल्या कामी येतो.

डाळीचा कुकर उघडताना वाफ येऊन मनगट भाजलं. जाऊबाईंनी लगेच टूथपेस्ट लावली. बरोबर केलं का?

नाही. भाजल्या जागेवर नळाचं साधं गार पाणी वीस मिनिटं सोडायचं. वीस म्हणजे घड्याळ लावून वीस, कारण दोन मिनिटांनी आग थांबल्यासारखी वाटते आणि आपण हात काढून घेतो. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांतलं काही नको. हात सुजायच्या आत बांगड्या आणि अंगठी काढा. फोड फोडू नका, स्वच्छ सुती कापड सैलसर ठेवा. चेहरा, सांधा किंवा तळहातापेक्षा मोठी जागा भाजली असेल, तर पाणी सोडून झालं की दवाखाना गाठा.

आई ६८ वर्षांची, पंधरा वर्षं मधुमेह. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन घेते. एकादशी कधी चुकवली नाही. गेल्या एकादशीला संध्याकाळी तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, असंबद्ध बोलायला लागली. साखर ४८. आम्ही घाईघाईने चहा करून दिला, पण तिचा चहा शुगर-फ्रीचा असतो हे नंतर लक्षात आलं. उपवास सोडायला लावू का? (नाशिक)

तुम्ही साखर मोजलीत, तिथेच अर्धं काम झालं. उरलेलं असं. ७० च्या खाली गेली की तीन चमचे खरी साखर अर्ध्या पेल्यात विरघळवून लगेच द्यायची. गूळ चालेल, ग्लुकोज पावडर चालेल. पेढा किंवा चॉकलेट पहिल्यांदा नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच द्या. वर आली की काहीतरी पोटभर खायला घाला. माणूस शुद्धीवर नसेल, गिळत नसेल, तर तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. सरळ दवाखान्यात न्यायचं.

लोक इथे एक गोष्ट विसरतात. ग्लिमेपिराइडचा परिणाम दिवसभर टिकतो. म्हणजे साखरेचं पाणी देऊन रक्तातली साखर वर आली तरी दोन-तीन तासांनी पुन्हा घसरू शकते. त्या रात्री आईला एकटीला झोपू द्यायचं नाही, मध्यरात्री एकदा मोजायचं. आणि असं एकदा झालं की दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना भेटायचं, पुढच्या एकादशीपर्यंत थांबायचं नाही.

उपवासाबद्दल. आयुष्यभराचं व्रत मी एका वाक्यात सोडायला सांगणार नाही. आईंना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, ‘उपवासाच्या दिवशी ग्लिमेपिराइड किती घ्यायची, की घ्यायचीच नाही?’ साखर खाली नेणारी मुख्यत्वे तीच आहे. एकट्या मेटफॉर्मिनने असं क्वचितच होतं. दिवसभर कडकडीत राहून रात्री साबुदाण्याची खिचडी खाण्यापेक्षा दर तीन तासांनी थोडं खाणं बरं: राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, ताक, काकडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिष्ट, साखर सर्रकन चढवतो. एवढं करूनही पुन्हा ५० च्या खाली गेली, तर मात्र मी डॉक्टर म्हणून उपवास नको असंच म्हणेन.

भगर करत असाल तर ती सुटी विकत घेऊ नका. नवरात्र आणि महाशिवरात्रीच्या सुमारास दरवर्षी भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात, त्यामागे बहुतेकदा दमट जागी ठेवल्याने धरलेली बुरशी असते. बंद पाकीट, तारीख पाहून. पीठ दळून साठवू नका. शिजवलेली भगर त्याच दिवशी संपवा.

दीड वर्षाच्या मुलाला ताप होता. अचानक डोळे फिरवले, अंग ताठ झालं, ओठ निळे पडले. दोन मिनिटांत थांबलं, पण ती दोन मिनिटं मी विसरू शकत नाही. आजीने कांदा हुंगवला आणि दातांत चमचा घातला. आता प्रत्येक तापाला मी रात्रभर जागी असते. याला फिटचा आजार जडेल का? (डोंबिवली)

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आपलं मूल गेलंच असं वाटायला लावणारी ही दोन मिनिटं असतात, आणि तसं वाटलं यात तुमचं काही चुकलं नाही. पण ही तापातली आकडी होती. सहा महिने ते पाच वर्षं या वयात ती येते, बहुतेक वेळा आपोआप थांबते, आणि त्याने मेंदूला इजा होत नाही. अशा मुलांपैकी साधारण तिघांत एकाला पुढे पुन्हा एखादी येते. मोठेपणी फिट्सचा आजार होण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा किंचितच जास्त असते.

पुन्हा आली तर मुलाला जमिनीवर कुशीवर वळवा, म्हणजे लाळ किंवा उलटी श्वासनलिकेत जात नाही. गळ्याजवळचं कापड सैल करा. घड्याळ पाहा. हातपाय धरून दाबू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नको. चमच्याने दात तुटतो, आणि जीभ ‘गिळली’ जातच नाही. कांद्याने किंवा चपलेने आकडी थांबत नाही, ती तिच्या वेळेने थांबते. आजीला हे सगळं शांतपणे सांगा. तिने केलं ते जिवाच्या आकांताने केलं.

पाच मिनिटं उलटून गेली, आकडी अंगाच्या एकाच बाजूला आली, चोवीस तासांत परत आली, किंवा थांबल्यावर मूल नीट जागं होत नसेल, तर क्षणभरही थांबू नका. पहिलीच आकडी असेल तर ती थांबली तरी त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. पॅरासिटामॉलने मुलाला बरं वाटतं, पण आकडी टळतेच असं नाही, म्हणून रात्री दर तासाला काखेत थर्मामीटर लावत बसू नका. आकडी थांबवणारा, नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा घरी ठेवावा का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि ताई, रात्र नवऱ्याबरोबर वाटून घ्या.

सकाळी चहा पिताना सासूबाईंच्या तोंडाचा उजवा कोपरा खाली आला, चहा ओघळला, कप हातातून पडला. बोलणं बोबडं. वीस मिनिटांत सगळं पूर्ववत. शेजारी म्हणाले, वारं गेलं असेल, तेल चोळा. आता त्या ठणठणीत आहेत आणि दवाखान्यात यायला तयार नाहीत. चार दिवस झाले. (कराडजवळचं गाव)

हे पत्र हाती पडताच मी तुम्हाला लगेच स्वतंत्रपणे कळवलं: आजच्या आज घेऊन जा. इथे ते सगळ्यांसाठी लिहिते.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि आपोआप सुटली, असं हे असतं. लक्षणं गेली म्हणून धोका जात नाही. पुढचा, खरा अर्धांगवायू येण्याचा सर्वांत मोठा धोका पहिल्या दोन दिवसांत असतो, आणि नंतरचे काही आठवडेही तो राहतो. म्हणून चार दिवस झाले तरी उशीर झाला असं समजून घरी बसायचं नाही. बीपी, साखर, मेंदूचा स्कॅन, मानेतल्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि ठोके अनियमित आहेत का हे पाहायला ईसीजी, एवढं होतं आणि त्यानुसार औषध सुरू होतं.

मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होते. माझ्या काकांच्या हातातून दाढी करताना रेझर पडला. फेस तसाच गालावर ठेवून ते हाताकडे बघत बसले होते, असं काकू सांगायची. पाच-सात मिनिटांत मुठी वळायला लागल्या. काकूने तीळतेल चोळलं, त्यांनी उरलेली दाढी केली, चहा घेतला आणि दुकान उघडायला गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे उजवी बाजू गेली आणि वाचाही. पुढची अकरा वर्षं ते डाव्या हाताने जेवले. आम्ही कुणीच त्या रेझरकडे लक्ष दिलं नाही, मीसुद्धा नाही, आणि मी तर पुस्तकं घेऊन घरी आलेली होते.

तेव्हा हे पाठ करा. हसायला सांगा, तोंड वाकडं होतं का? दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक खाली येतो का? साधं वाक्य म्हणायला सांगा, जीभ अडखळते का? यांतलं एक जरी असेल तर लगेच घड्याळ बघा आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर झोपायला गेले ती वेळ धरायची. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी स्कॅन व्हावा लागतो. मोठी वाहिनी बंद असताना दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात.

वाटेत काही खायला-प्यायला देऊ नका, घशाखाली उतरण्याऐवजी फुप्फुसात जाईल. मधुमेह असेल तर साखर मात्र मोजा, ती खूप खाली गेली तरी हुबेहूब असंच दिसतं. घरातली ॲस्पिरिन देऊ नका. छातीत दुखताना तिचा उपयोग होतो, पण इथे गुठळी आहे की रक्तस्राव हे स्कॅनशिवाय कळत नाही. बीपीची जादा गोळीही नको.

सासूबाई यायला तयार नसतील तर नातवाला पुढे करा. माझ्याकडे आलेल्या निम्म्या आज्या नातवाच्या हट्टाने आल्या आहेत.

आई-बाबा चिपळूणजवळ गावी दोघंच. मी पुण्यात. रात्री काही झालं तर मी चार-पाच तासांवर. इथे बसून मला काय करता येईल?

बरंच. आजच जवळच्या दोन-तीन रुग्णालयांना फोन करून एकच विचारा: रात्री दोन वाजता तुमच्याकडे स्कॅन होतो का, आणि अर्धांगवायूचं इंजेक्शन देता का? जिथे ‘हो’ मिळेल त्याचं नाव मोठ्या अक्षरांत कागदावर लिहा आणि तो कागद आईच्या ओट्यासमोर चिकटवा. त्यावर रुग्णवाहिकेचा १०८ नंबर लिहा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, फुकट आहे, सोबत डॉक्टर येतो. फोनवर काय सांगायचं तेही लिहा: गाव, वाडी, जवळची खूण, ‘देवळामागचं कौलारू घर’ असं. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही. खाली दोघांच्या गोळ्यांची नावं आणि कशाची ॲलर्जी असेल तर ती. त्याच कागदाचा फोटो तुमच्या आणि शेजारच्या काकांच्या मोबाइलमध्ये.

घराची एक किल्ली काकांकडे द्या. आणि बाबांना सांगा, रात्री दाराला आतून कडी घालायची नाही, नुसतं लॅच लावायचं. कडी असली की काकांच्या हातातल्या किल्लीचा काही उपयोग नाही.